वाटायच्या गोधड्या: थर, टाके, लॉग केबिन आणि बाकी सगळं

वीतभर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. शिवणकामाच्या धाग्यावर मागे मी "आमचा गट गोधड्या शिवून वाटतो" एवढंच एक वाक्य टाकलं आणि त्यावर प्रश्नांची रांग लागली. तिथे अवांतर होत होतं म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही कऱ्हाडच्या आसपासच्या काही बायका. दोन निवृत्त शिक्षिका, एक व्यावसायिक टेलर, बाकीच्या हौशी. दिवाळीच्या सुमाराला इकडे कारखान्यांचं गाळप सुरू होतं, बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पुढचे दोन-अडीच महिने थंडीचे. आमच्या बहुतेक गोधड्या तिथे जातात, थोड्या एका वसतिगृहात.

या कामात माझं एक म्हणणं आहे आणि त्यावरून आमच्या गटातही वाद होतात. वाटायची गोधडी आधी धुता आली पाहिजे. सुंदर, ऊबदार, टिकाऊ हे सगळं त्यानंतर. घट बसायच्या आधी घरातल्या गोधड्या नदीवर न्यायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ओल्या गोधडीचं वजन सांगायला नको. दोन टोकांना दोन माणसं धरून पिळायची, मग दगडांवर पसरायची, तरी मधला भाग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलसर. ज्या घरात नदी, माणसं आणि ऊन तिन्ही आहे तिथे आठ-दहा थरांची गोधडी ठीक. कोपीत पाणी पिंपातलं, वाळत घालायला एक दोरी, आणि रात्री तीच गोधडी परत हवी. म्हणून आम्ही पाच थरांच्या वर जात नाही.

माप असं. सुती पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. तिचे सात फुटांचे दोन तुकडे निघतात आणि वर चार फूट उरतं. दोन साड्यांचे चार तुकडे म्हणजे चार थर, आणि पाचवा थर वरचा, ठिगळांचा. रुंदी साडीच्या पन्ह्याइतकीच ठेवायची, मग मध्ये जोड नाही. एका माणसाला किंवा दोन लहान मुलांना पुरते. उरलेल्या चार फुटांतून गोटासाठी (कडेला दुमडून लावायची पट्टी) अडीच इंची सात पट्ट्या कापायच्या. त्या तिरप्या जोडून, दुमडून लावल्या की चारी बाजूंना पुरून थोडी उरते. सहा पट्ट्यांत होईल असं वाटतं, होत नाही. तिरप्या जोडात प्रत्येक ठिकाणी अडीच इंच जातात.

वरच्या थरासाठी यंदा आम्ही लॉग केबिन शिकलो. मधे एक चौकोन, त्याच्याभोवती एकेक पट्टी फिरवत जायची, दोन बाजूंना फिके रंग, दोन बाजूंना गडद. चिंध्या सांभाळून ठेवणाऱ्या बायकांसाठीच काढलेला प्रकार आहे हा. अमेरिकेत मधला चौकोन लाल ठेवायची जुनी रीत आहे, तो घरातला विस्तव समजतात. आमच्या टेलरबाईंनी ते ऐकून लगेच सगळ्या चुली एकाच लाल परकरातून कापल्या.

दहा इंची चौकोन धरला तर रुंदीला चार आणि लांबीला आठ बसतात. कडेला जे दोन-अडीच इंच राहतात तिथे साडीचा काठ लावतो. मधला चौकोन शिवून दोन इंचांचा, पट्ट्याही शिवून दोन इंचांच्या, दोन फेरे. म्हणजे कापताना सगळं अडीच इंच. एक इंची पट्ट्यांचे चार फेरे दिसायला देखणे होतात, पण शिवणींची गर्दी वाढते आणि खाली चार थर असताना मशीन तिथे अडखळते.

शिवण पाव इंच. ती खरंच पाव इंच पडते का ते बघायला दीड इंची तीन पट्ट्या जोडून पाहा. एकूण रुंदी साडेतीन इंच आली पाहिजे आणि मधली पट्टी बरोबर एक इंच. तिथे केसभर फरक असला तर आठ चौकोन जोडेपर्यंत बोटभर होतो.

तुम्ही कोणी अशा वाटायच्या गोधड्या करत असाल, किंवा नवं काही शिकला असाल, तर लिहा. मला विशेष करून थर एकत्र शिवण्याबद्दल ऐकायचं आहे.

ओसरी

वाचनखूण साठवली! किती नीट लिहिलंयत.

एक शंका. माझी आजी गोधडी कडेपासून सुरू करायची. चौफेर धावदोरा घालत घालत आत, शेवट मधे. यूट्यूबवरच्या सगळ्या बायका मात्र मधून सुरू करून बाहेर जातात आणि "कडेपासून कधीही सुरू करू नका" असं बजावतात. मग आजी चुकीचं करत होती का? तिची गोधडी तर सपाट असायची.

वीतभर

ओसरी, दोघी बरोबर. आजीची गोधडी जमिनीवर अंथरलेली असते आणि आजी तिच्यावरच बसलेली असते. थर हलत नाहीत, हाताने ढिलाई पुढे सारत जाता येते, आणि प्रत्येक टाक्याला ती किती घ्यायची हे बोटांना कळतं. आमच्या सासूबाई तर कोपऱ्यांवर वरवंटा ठेवायच्या.

मशीनचं तसं नाही. खालचे दात खालचा थर ओढतात आणि पाय वरचा थर मागे दाबून धरतो, त्यामुळे वरचं कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं. कडा आधीच बंद केल्या असतील तर ती सगळी ढिलाई मधे येऊन अडकते, चुणी पडते. मधून सुरू केलं की ती बाहेर निघून जाते.

मशीनवर करणार असाल तर तीन गोष्टी बघा. सुई १६ नंबर. टाका लांब, तीन-साडेतीन मिलिमीटर. आणि पायावरचा दाब कमी. जुन्या काळ्या मशीनला वर डोक्यावर स्क्रू असतो, तो थोडा सैल करायचा. आणि त्याआधी कच्चा दोरा (थर धरून ठेवायला तात्पुरते लांब टाके), एकेका वितीवर, आडवा-उभा दोन्ही. सेफ्टी पिनांनी भागतं, पण पिन काढायला थांबायचा कंटाळा येतो आणि मग एखादी पिन सुईखाली जाते.

हल्याळकर

वरच्या चर्चेत भर. आमच्या उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोड पट्ट्यात, सिद्दी समाजाच्या बायका कवंद शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आणलेले. बोली कोंकणी-मराठीच्या जवळची, त्यामुळे आपल्याला बोलायला अडचण येत नाही.

कवंदसुद्धा कोपऱ्यातून सुरू होतं आणि कडेकडेने फिरत आत येतं. पण फरक असा की ठिगळं आधी जोडून घेत नाहीत. खाली साडी पसरायची आणि एकेक ठिगळ कडा आत दुमडून ठेवत पुढे शिवत जायचं. ठिगळ लावणं आणि थर शिवणं एकाच धावदोऱ्यात होतं. दोन इंच रिकामं दिसलं तर दोन इंचाचा तुकडा शोधायचा. आखणी नाही, पट्टी नाही. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांची 'फुलं' लावतात. ती नसतील तर कवंद पुरं झालं असं कोणी म्हणत नाही. ख्रिस्ती घरातल्या कवंदावर क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्यावर चंद्रकोर, आणि बाकी सगळं अगदी एकसारखं.

२००४ मध्ये हेन्री ड्र्युअल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांच्या मदतीने या बायकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. तेव्हापासून कवंद बाहेर विकली जाऊ लागली.

तुमच्या गटाला सुचवेन की लॉग केबिनसोबत एक कवंदाच्या रीतीनेही करून बघा. पाव इंचाचं टेन्शन नाही. :)

ओसरी

हल्याळकर, हे भारी आहे. म्हणजे ठिगळांच्या मागे वेगळी शिवणच नाही! वीतभर ताई, तुमच्या मशीन अडखळण्याच्या प्रश्नाला हेच उत्तर नाही का?

वीतभर

हाताने शिवायची असेल तर आहे. आमच्यात हाताने शिवणाऱ्या तिघीच, आणि त्यांतल्या दोघींच्या डोळ्यांना संध्याकाळनंतर दिसत नाही. पण करून बघणार, नक्की. ती दुमडलेली कडा धुण्यात उसवत नाही ना?

हल्याळकर

टाके जवळ असले तर नाही. दोन ओळींमध्ये बोटाएवढंच अंतर असतं. म्हणून तर एकेक कवंद जड लागतं हाताला, थर कमी असूनही. दोऱ्याचंच वजन केवढं!

हिशेबी_माणूस

धागा छान आहे, पण कोणीतरी विचारायला हवं म्हणून विचारतो. घाऊक बाजारात अडीच-तीनशे रुपयांत ब्लँकेट मिळतं. तुमच्या एका गोधडीमागे दोन साड्या, दोरा, वीज आणि कित्येक तास जातात. तेवढ्या वेळात वर्गणी गोळा केली तर दहापट लोकांना ऊब मिळेल. मग हा खटाटोप देणाऱ्यांच्या समाधानासाठी आहे की घेणाऱ्यांच्या थंडीसाठी?

(राग मानू नये. आमच्या सोसायटीत हाच वाद झाला होता.)

वीतभर

राग कसला. अगदी रास्त प्रश्न आहे.

पूर आला, आग लागली, उद्या सकाळी शंभर घरांना पांघरूण हवं आहे, अशा वेळी ब्लँकेटच. तिथे गोधडी घेऊन जाणं वेडेपणा आहे आणि आम्ही तसं करत नाही.

बाकी वेळी मी सरळ सांगते, आम्हाला शिवायला आवडतं. शिकायला आवडतं. घरात गोधड्यांचे ढीग झाले आहेत, मुलांकडे एसी आणि रजया आहेत. मग शिवलेलं कुठेतरी उपयोगी पडावं. "समाजकार्य" वगैरे मोठा शब्द आम्ही आमच्यासाठी वापरत नाही.

पण एक मुद्दा वस्तूचाही आहे. ती स्वस्त ब्लँकेटं बहुतेक पॉलिएस्टरची असतात. कोपीत चूल आणि अंथरूण यांत दोन हातांचं अंतर असतं. ठिणगी पडली तर सुताला भोक पडतं, धूर येतो, वास येतो, माणूस जागं होतं. पॉलिएस्टर वितळतं आणि अंगाला चिकटतं. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक साडीचा एक धागा आम्ही जाळून बघतो. कागदासारखा जळून राख झाली तर सूत. टोकाला कडक मणी झाला तर ती साडी बाजूला. लोक "प्युअर कॉटन आहे हो" म्हणून हमखास मिक्स आणून देतात, त्यांनाही माहीत नसतं.

पाचट

मी धागे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मी शिरूर कासारकडचा. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, मीही सातवीपर्यंत त्यांच्यासोबत कोपीत राहिलोय. आता नोकरीला पुण्यात आहे. तुमचं ते धुण्याचं आणि चुलीचं वाचून बरं वाटलं, कारण वाटप करायला येणारे हा विचार करत नाहीत. त्यात माझ्याकडून थोडं.

एक, वेळ. बरेच लोक संक्रांतीच्या आसपास येतात. तोवर अर्धी थंडी संपलेली असते. टोळी उतरते त्या पहिल्या आठवड्यात द्या. तेव्हा सगळं उघड्यावर असतं, कोपी पुरती उभी झालेली नसते.

दोन, उसाच्या पाल्याला कूस असते, बारीक, डोळ्याला धड दिसत नाही. कामावरून आलं की ती कपड्यांवर, अंगावर, अंथरुणात. गोधडीचा टाका लांब आणि सैल असेल तर त्यात कूस अडकून बसते आणि रात्रभर टोचते. लहान पोरं रडतात. त्यामुळे वरून भरतकाम, लोकर, झालर असलं काही नको. कापड गुळगुळीत हवं, झटकलं की पडलं पाहिजे. तुमचे तीन-साडेतीन मिलिमीटर चालतील, पण दोरा ओढून घट्ट बसला पाहिजे.

तीन, पांढरा आणि फिका रंग नको. तुमच्या त्या डिझाइनमध्ये अर्ध्या पट्ट्या फिक्या लिहिल्यात. फिकं म्हणजे पिवळं, आकाशी ठीक. पांढरं नको. पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर, अंथरायचं, बायांना धुवायला वेळ रात्री, साबण मोजका. पांढरी गोधडी आठ दिवसांत लाज आणते.

चार, देताना कोयत्याप्रमाणे द्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोरं वेगळी मोजा. मुकादमाच्या हातात गठ्ठा दिला तर कोणाला मिळेल ते मुकादम ठरवणार.

आणि फोटो काढू नका. एवढंच.

ओसरी

पाचट, मनापासून धन्यवाद. कुसाचा मुद्दा माझ्या डोक्यात सात जन्मात आला नसता.

तिरपागोट

+१. ही पोस्ट धाग्याच्या वर डकवून ठेवायला हवी.

वीतभर

पाचट, तुमचा प्रतिसाद गटात मोठ्याने वाचून दाखवला. पांढऱ्या पट्ट्या आजच पिशवीतून काढल्या. त्या वसतिगृहाच्या उशांच्या अभ्ऱ्यांना जातील.

मुकादमाचं आम्हाला माहीत होतं. फोटोचं म्हणाल तर आमच्यात एकीचा मुलगा काढायचा. आता नाही काढणार.

एक विचारू का? खाली अंथरायला जास्त लागतं की वर घ्यायला?

पाचट

खाली. वर माणूस काहीही घेतो, साडी, पोतं, शेजारचं पोर. खालून जमिनीचा गारवा येतो, तो पाचटाने पुरता थांबत नाही. जमलं तर अर्ध्या गोधड्या जाड करा, फक्त अंथरायच्या. त्या रोज धुवाव्या लागत नाहीत, उन्हात टाकल्या की झालं.

वीतभर

म्हणजे माझा पाच थरांचा नियम निम्मा गेला. :) हरकत नाही. जुनी जीन्स पडून आहेत आमच्याकडे, अंथरायच्या गोधडीला खालून तीच लावता येतील.

तिरपागोट

जीन्सवरून आठवलं. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. पँटीचा गुडघा विटून फिका झालेला, खिसा उसवला की त्याखालचा गडद निळा चौकोन तसाच शिल्लक. तेही सगळं तसंच गोधडीत येतं आणि तेच तिचं डिझाइन होतं. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली.

तांत्रिक सूचना: जीन्सची जाड दुहेरी शिवण कापून टाका, तिच्यावरून पाच थर न्यायला गेलात तर सुई मोडेल. आणि जीन्सचा निळा रंग सुटतो. आधी दोनदा धुवा. मग ओला पांढरा फडका दाबून चोळून बघा, रंग लागला तर परत धुवा.

नलू_न्यूजर्सी

उशिरा येतेय, इकडे रात्र असते. :)

मी इथल्या क्विल्ट गिल्डमध्ये, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळात, आहे. दर महिन्याला बैठक, आणि प्रत्येक जण वर्षात निदान एक क्विल्ट दानासाठी देतो. मुलांसाठी ब्लँकेटं गोळा करणारी प्रोजेक्ट लायनस नावाची संस्था इथे १९९५ पासून आहे, आमच्या बऱ्याचशा तिकडे जातात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं म्हणजे ते पहिल्यांदा हे बघतात की आलेली वस्तू धुतलेली आहे का, तिला सिगरेटचा किंवा अत्तराचा वास आहे का, आत टाचणी राहिली आहे का. वीतभर, टाचण्या मोजून घ्यायची सवय लावा गटाला. सुरुवातीला मोजायच्या आणि शेवटी मोजायच्या.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. पाच थर मशीनखालून नेणं जड जात असेल तर 'क्विल्ट अ‍ॅज यू गो' करून बघ. पूर्ण गोधडी एकदम शिवायचीच नाही. तुझ्या लॉग केबिनमध्ये तर ते फार सोपं आहे. आतले थर आणि अस्तर बारा इंची चौकोनात कापून घे. त्यावर मधला लाल चौकोन ठेव. मग प्रत्येक पट्टी उलटी ठेवून सगळ्या थरांतून शिवायची आणि उलटवून दाबायची. हल्याळकरांनी सांगितलं तसंच, जोडणं आणि थर शिवणं एकदम होतं. चौकोन पुरा झाला की साडेदहाला कापून सारखा करायचा.

जोडताना एक चौकोन दुसऱ्यावर सुलट बाजू आत ठेवून शिवायचे आणि मागे जी जाड शिवण येते तिच्यावर दीड-दोन इंची पट्टी दुमडून लावायची. मागची बाजूही जाळीसारखी दिसते, देखणी. चार-चार चौकोनांच्या ओळी आधी कर, मग ओळी जोड. मशीनच्या गळ्यात संपूर्ण गोधडी गुंडाळून घुसवावी लागत नाही, हा मोठा फायदा. फक्त शेवटच्या एक-दोन लांब शिवणींना कोणीतरी पलीकडून वजन धरायला हवं.

एक सावधगिरी: दहा थर एका शिवणीत येतात, पाच इकडचे पाच तिकडचे. त्यामुळे आतले थर चौकोनाच्या कडेपासून पाव इंच आत कापून ठेव, शिवणीत फक्त वरचा थर आणि अस्तर यावं. पण मग आतल्या थरांना पट्ट्यांच्या शिवणींनी नीट धरलेलं असलं पाहिजे, नाहीतर धुण्यात गोळा होतील. बाहेरच्या पट्टीवर आणखी एक शिवण मार.

वीतभर

नलूताई, हे सोन्यासारखं आहे. आणि बारा इंची तुकडा हातात मावतो, म्हणजे ज्यांच्याकडे मशीन नाही त्याही घरी नेऊन शिवू शकतील.

ओसरी

नलूताई, तान्ह्या बाळांसाठीही देता का? मला शेजारच्या प्रसूतिगृहात द्यायची इच्छा आहे, छोट्या छोट्या गोधड्या.

नलू_न्यूजर्सी

देतो, पण एक पथ्य सांगून. इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी काहीही ठेवू नये. तोंडावर गेलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. म्हणून बाळाची क्विल्ट ही मांडीवर घेताना, जमिनीवर पालथं टाकताना वापरायची. झोपवून पांघरायची नाही. आम्ही लेबलवरच लिहितो.

ओसरी

पण आपल्याकडे तर सगळी बाळं दुपट्यातच वाढली.

नलू_न्यूजर्सी

अगं, दुपटं पातळ, दोन पदरी. आई किंवा आजी शेजारी जागी. पाच थरांची गोधडी अंगावर टाकून खोलीचं दार ओढून घेणं वेगळं. तुला द्यायचंच असेल तर दुपटी दे. मऊ झालेल्या जुन्या सुती धोतराची, कडेला फक्त गोट, मधे दोन-चार ओळी. बिहारची सुजनी मूळची अशीच होती, नव्या बाळाला गुंडाळायला जुन्या साड्यांचे तुकडे धावदोऱ्याने जोडलेले. प्रसूतिगृहवाल्यांना आधी विचार मात्र. बरेच जण बाहेरचं कापड घेतच नाहीत.

दाभण

सगळं वाचलं. चांगलं काम आहे, पण कोणी बोललं नाही ते मी बोलते.

माझी आई गोधड्या शिवून द्यायची. लोक जुनी लुगडी आणून द्यायचे, ती अंगणात बसून शिवायची, मजुरी घ्यायची. त्यावर माझी आणि भावाची वह्या-पुस्तकं झाली. आमच्या गावात अजून दोघी-तिघी हे काम करतात आणि त्यांना मजुरी किती मिळते हे विचारायला लाज वाटेल इतकी मिळते. शहरात तसलीच गोधडी 'हॅण्डमेड' म्हणून काही हजारांना विकतात.

तर माझं म्हणणं, ज्या गावात शिवणाऱ्या आहेत तिथे फुकट गोधड्या नेऊन टाकू नका. साड्या गोळा करा, वर्गणी काढा, त्या बाईला नीट मजुरी द्या आणि तिच्याकडून शिवून घेऊन वाटा. शिकायचं असेल तर तिच्याकडे शिका, आणि शिकवण्याचेही पैसे द्या. यूट्यूबवाल्या बाईला जाहिरातीचे मिळतातच ना.

हिशेबी_माणूस

दाभण ताईंना पूर्ण अनुमोदन. हा हिशेब मला पटला.

वीतभर

दाभण, बरं झालं स्पष्ट लिहिलंत. टोळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, पण आम्ही वसतिगृहाला देतो तिथे येतो. त्या गावात शिवणाऱ्या आहेत. यंदाची वर्गणी दोऱ्यात आणि अस्तरात न घालता त्यांच्या मजुरीत घालायला हवी असं मी गटात मांडते. सगळ्या मान्य करतील असं नाही, काहींना स्वतः शिवलेलंच द्यायचं असतं. पण मांडते.

मजुरी कशी ठरवायची, गोधडीवर की दिवसावर?

दाभण

दिवसावर. गोधडीवर ठरवली की टाके लांब पडायला लागतात, त्यात तिची चूक नसते. दिवसाची द्या आणि थर किती, ओळी किती अंतरावर, ते आधी सांगा. दोरा तुमचा. आणि साड्या धुऊन, काठ-पदर बघून द्या. एकदा एका घरून आलेल्या लुगड्यांच्या गाठोड्यात आईला ढेकूण मिळाले होते.

मावशीबाय

एक नाजूक प्रश्न. माझ्या सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या चांगल्या सुती साड्या कपाटात आहेत. गेलेल्या माणसाच्या साड्यांची गोधडी परक्याला द्यावी का? घरात दोन मतं आहेत.

वीतभर

मावशी, आमच्याकडे अशा साड्या येतात आणि आम्ही घेतो. आजारपणात नेसलेल्या, अंथरुणातल्या नको म्हणतो, त्या उकळून घेणं शक्य नसतं. बाकी चांगल्या धुतलेल्या असतील तर काही अडत नाही. घेणाऱ्याला मात्र सांगायचं की नाही यावर आमच्यात एकमत नाही. मी सांगत नाही.

माझा सल्ला विचाराल तर त्यांच्या एक-दोन साड्या आधी घरासाठी ठेवा. नातवंडांना एकेक दुपटं करा. एकदा कात्री लागली की परत मागता येत नाही, आणि अशा साड्या देऊन मागाहून चुटपुटणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

मावशीबाय

हे बरं सांगितलंत. इरकल ठेवते, बाकीच्या पाठवते. इरकलीचा काठ गोधडीत टिकत नाही असंही ऐकलंय?

वीतभर

काठ रेशमी असेल तर अंगापेक्षा आधी झिजतो, सुती भाग आटतो आणि काठ आटत नाही, म्हणून चुरगळतो. तो उसवून वेगळा ठेवा, पिशवीला छान होतो.

तिरपागोट

पुरुषांना घेता का तुमच्या गटात? मी कऱ्हाडपासून अर्ध्या तासावर आहे. गोट बरा लावता येतो, कोपरेही नीट वळवता येतात, आयडी उगाच घेतलेला नाही.

वीतभर

आनंदाने. गोट लावायला आमच्यात कोणीच राजी नसतं, सगळ्यांना चौकोन शिवायचे असतात आणि मग बिनगोटाच्या गोधड्यांची चळत पडून राहते. आणि हो, इस्त्री जमते ना? प्रत्येक शिवण दाबून एका बाजूला घ्यावी लागते, शेजारच्या चौकोनाची उलट बाजूला, म्हणजे जोडावर दोन्ही एकमेकींत बसतात. ते काम एका माणसाचं दिवसभराचं असतं. विपूत (विचारपुशीत) पत्ता कळवते. येताना १६ नंबरच्या सुयांचं पाकीट आणाल का? इथल्या दुकानात संपल्यात.